फ्लेम किट: टेबलावर ठिणगी येते, गाडीत बटण दाबलं की गायब. कॉइल नेमकी कुठे बसवावी?

टेलपाइप_१४एमएम (प्रश्न)

टेल पाइपमधून ज्वाला काढणारं किट बसवलंय. गाडी फक्त शोच्या मैदानावर चालते, रस्त्यावर नाही. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरवालं इग्निशन (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). इंजिनची कॉइल १.५ ओहमची, सोबत १.५ ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा). एक्झॉस्ट एकच, सरळ नळीचा सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मुळातच नाही.

आत्ताची जोडणी अशी:

किटची कॉइल ३ ओहमची, तेल भरलेली, डबा-टाइप. बॉनेटखाली इंजिनच्या कॉइलशेजारीच आडवी क्लॅम्प केली आहे. मॉड्यूल (ठिणग्या पाडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तिच्या मायनसवर. किटचा प्लस इंजिनच्या कॉइलच्या प्लसवरून घेतलाय, कारण ती जागा हाताशी होती. तिथून साडेतीन मीटरची तांब्याची एच.टी. (ठिणगीचं उच्च व्होल्टेज नेणारी) वायर मागे टेल पाइपपर्यंत. पाइपच्या तोंडापासून १८ सें.मी.वर १४ मि.मी.चा नट वेल्ड केला आहे, खालच्या बाजूने. प्लगचा गॅप ०.८ मि.मी.

इंजिन कट करायला इग्निशन स्विचकडून बॅलास्टकडे जाणाऱ्या तारेत पाच पिनची रिले, ३० आणि ८७ए मधून (रिले सुटी असताना या पिना जोडलेल्या असतात). पुश बटण दाबलं की कट.

लक्षणं: टेबलावर फूटभर वायर लावून ठिणगी जाड आणि निळी येते. गाडीत टॉगल (किटचा स्विच) चालू केला की इंजिन किंचित अडखळतं. रेस देऊन बटण दाबलं की इंजिन कट होतं, ज्वाला नाही. बटण सोडलं की सायलेन्सरमध्ये मोठा बार. किटच्या प्लसचं कनेक्टर काढून मल्टिमीटरने बघितलं तर इग्निशन चालू, इंजिन बंद असताना १२.४ व्होल्ट दिसतात.

कॉइल मागे न्यायची तर डिकीत की खाली चासीवर? आणि मुळात दोष कॉइलच्या जागेचा आहे की वायरिंगचा?

---

तारजोड

दोन्हीचा. पण आधी वायरिंग, कारण तो बार धोक्याचा आहे. जोडणी बदलेपर्यंत बटणाला हात लावू नका.

तुमचं बटण इंजिनसोबत किटचाही करंट तोडतंय. कट रिले बॅलास्टच्या आधी आहे आणि किटचा प्लस बॅलास्टच्या नंतर. बटण दाबलं की बॅलास्टच्या पुढचं सगळं मेलं, मागची कॉइलसुद्धा. इंजिन फिरतच असल्याने न जळलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण सायलेन्सरमध्ये भरत राहतं आणि पेटवायला कोणी नाही. बटण सोडलं की पुढची आणि मागची ठिणगी एकदम परत येते आणि साठलेलं सगळं एका झटक्यात पेटतं. सायलेन्सरची शिवण उकलते ती अशाच वेळी.

टॉगल लावल्यावर इंजिन अडखळतं त्याचं कारणही तिथेच. १२ व्होल्ट धरून हिशोब करा. एरवी १.५ ओहमचा बॅलास्ट आणि १.५ ओहमची कॉइल, म्हणजे चार्ज होताना कॉइलच्या प्लसवर साधारण ६ व्होल्ट उरतात, आणि ती त्यासाठीच बनलेली असते. तिला समांतर ३ ओहमची दुसरी जोडली की दोन्ही मिळून १ ओहम, आणि प्लसवर उरतात ४.८. इंजिनची ठिणगी कमजोर, मागचीही कमजोर.

१२.४ व्होल्टने तुम्हाला फसवलंय. इंजिन थांबलं तेव्हा पॉइंट उघडे राहिले असणार. करंट वाहत नाही म्हणजे बॅलास्टवर व्होल्टेज पडत नाही, म्हणून मीटर पूर्ण बॅटरी दाखवतं. अशा ठिकाणी रिकाम्या तारेचं माप निरर्थक आहे. २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून लावायचा आणि मग बघायचं.

जोडणी अशी करा:

१. बॅटरीच्या प्लसवरून स्वतंत्र तार. बॅटरीपासून २० सें.मी.च्या आत १० अँपियरचा फ्यूज. एकच ३ ओहमची कॉइल १२ व्होल्टला जास्तीत जास्त ४ अँपियर घेते, त्यामुळे १.५ चौ.मि.मी.ची तार पुरते: पाच मीटरला पाव व्होल्टच्या आत घट. दोन पाइपांसाठी दोन कॉइल असतील तर २.५ चौ.मि.मी. आणि १५ अँपियर.

२. ती तार पहिल्या रिलेच्या ३० नंबरला. ८७ (रिले ओढली की ३० ला जोडली जाणारी पिन) वरून मागच्या कॉइलचा प्लस आणि मॉड्यूलचा प्लस. ८६ आणि ८५ म्हणजे रिलेला ओढणाऱ्या वेटोळ्याची दोन टोकं: याच रिलेचं ८६ इग्निशन-चालू लाइनवरून टॉगलमधून, ८५ अर्थ.

३. दुसरी रिले म्हणजे तुमची कट रिले. ३० आणि ८७ए आहेत तसेच राहू द्या, ते बरोबर आहे: रिले मेली किंवा तिची बटणाकडची तार निघाली तरी इंजिन चालू राहतं. फक्त तिचं ८६ पुश बटणातून पहिल्या रिलेच्या ८७ वरून घ्या.

तिसऱ्या कलमातच सगळी गोम आहे. फ्यूज उडाला, टॉगल बंद राहिला किंवा पहिली रिले अडकली, तर ८७ वर करंट नाही आणि बटण दाबून काही होतच नाही. मागच्या सर्किटला वीज असल्याशिवाय इंजिन कट होऊच शकत नाही. प्लगवर प्रत्यक्ष ठिणगी आहे याची खात्री मात्र यातून मिळत नाही, ती डोळ्यांनी करायची.

क्रम: टॉगल, मग बटण. सोडताना आधी बटण, एक-दोन सेकंद थांबून टॉगल. मागची ठिणगी सगळ्यात आधी सुरू आणि सगळ्यात शेवटी बंद.

दोन्ही रिलेंच्या ८५-८६ वर १एन४००७ डायोड, पट्टी प्लसकडे. नाहीतर रिले सुटतानाचा उलटा धक्का मॉड्यूलपर्यंत जातो.

---

चासी_आणि_पाना

जागेबद्दल. नियम सोपा आहे: १२ व्होल्टची तार हवी तेवढी लांब न्या, एच.टी. आखूड ठेवा. ६० सें.मी.च्या आत बसली तर उत्तम.

साडेतीन मीटर तांब्याची वायर पत्र्याला चिकटून गेली की ती आणि चासी मिळून एक कंडेन्सर बनतो. ठिणगी पडण्याआधी कॉइलची बरीच ऊर्जा तो भरण्यातच जाते. वर प्रत्येक क्लिपपाशी आणि ग्रोमेटपाशी गळतीची संधी. अंधारात टॉगल लावून गाडीखाली बघा, निळसर रेघ दिसली तर नवल नाही.

डिकीत नको. बऱ्याच गाड्यांत टाकीची भरणनळी, वाफेची नळी किंवा टाकीच डिकीच्या पत्र्याला लागून असते. बंद जागेत पेट्रोलची वाफ, आणि तिथेच कॉइलचा टॉवर व ठिणगी पाडणारे संपर्क. रिले तर तिथे अजिबात नको. दोन्ही डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटखाली कोरड्या जागी ठेवा.

मी जागा अशी निवडेन: मागच्या बंपरच्या आतली आडवी पट्टी किंवा चासी रेलची आतली बाजू, पाइप ज्या बाजूला आहे तिथे, पण

– पाइपपासून किमान ३० सें.मी., मध्ये पत्र्याची ढाल, ढाल आणि कॉइलमध्ये बोटभर हवेची जागा,
– टाकी आणि भरणनळीच्या विरुद्ध बाजूला,
– चाकाचं पाणी थेट उडणार नाही अशा उंचीवर,
– अॅक्सल पूर्ण वर आला तरी घासणार नाही अशी. जॅकवर अॅक्सल लटकलेला असताना मापं घेऊ नका, चाकं जमिनीवर असताना घ्या.

आता आडव्या कॉइलचा मुद्दा. तेल भरलेली डबा-कॉइल उभी, टॉवर वर असा बसवायची. आडवी ठेवली की तेलाच्या वर वेटोळ्याचा काही भाग उघडा पडू शकतो, तिथे उष्णता साठते आणि आतल्या आत फ्लॅश होतो. मागे उभी जागा मिळत नसेल तर इपॉक्सी ओतलेली चौकोनी कॉइल घ्या. ती कशीही बसते आणि धक्केही जास्त सोसते. फक्त प्रायमरी मोजून घ्या. चौकोनी कॉइल अनेकदा ०.५ ते ०.७ ओहमच्या असतात आणि त्यांना करंट मर्यादित करणारं मॉड्यूल लागतं. साध्या मॉड्यूलवर लावली तर करंट २० अँपियरकडे धावतो आणि आधी मॉड्यूल जातं, मग कॉइल.

मॉड्यूलही मागेच ठेवा. कॉइल मायनस आणि मॉड्यूलमधली तार अर्ध्या मीटरच्या आत, कारण तीत दर ठिणगीला शेकडो व्होल्टचा धक्का असतो आणि ती शेजारच्या तारांत कुरकुर घालते. टाकीच्या गेजची तार, स्पीकरच्या तारा यांच्या समांतर नेऊ नका. ओलांडायचं असेल तर काटकोनात.

एच.टी. वायर ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळीला टेकवायची नाही. झिप टायने एकत्र बांधायची तर नाहीच. मधे निदान पाच सें.मी. हवा.

---

निळी_ज्योत

वरचं सगळं बरोबर, पण अर्थ राहिला.

एक्झॉस्ट रबरच्या हँगरवर लटकतो. त्याची अर्थ इंजिनकडून येते, म्हणजे मॅनिफोल्डचं गॅस्केट, फ्लँज, गंजलेले स्लिप जॉइंट, इतक्या सगळ्यांतून. प्लगच्या बॉडीतून परतणारा प्रवाह तोच रस्ता घेतो. ठिणगी उडी मारून कशीतरी जाते, पण ती जॉइंटांतही उड्या मारते आणि जवळच्या पत्र्यातही. वेल्ड केलेल्या नटाजवळ पाइपवर एक बोल्ट वेल्ड करून तिथून चासीला विणलेली तांब्याची पट्टी द्या. थोडी सैल, कारण पाइप हलतो. चासीच्या टोकाला रंग खरवडून दातेरी वॉशर. मॉड्यूलची अर्थ, कॉइलच्या ब्रॅकेटची अर्थ आणि ही पट्टी, तिन्ही एकाच बोल्टला.

थिंबल (तारेच्या टोकाचं टर्मिनल) दाबून क्रिम्प करा. फक्त डाग देऊन सोडलेली तार गाडीखाली थरथरून डागाच्या कडेलाच तुटते.

प्लगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे लोक इंजिनचा हिशोब लावतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी न्यायची असते, म्हणून तिथे ०.८ मि.मी. गॅपलाही भरपूर व्होल्टेज लागतं. टेल पाइपमध्ये दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच. तिथे मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्ट पुरतात, गरम वायूत त्याहून कमी. म्हणजे २ मि.मी. गॅप साधी कॉइलही आरामात उडवते. गॅप १.५ ते २ मि.मी. करा. मोठ्या गॅपमध्ये ज्योतीचं बीज मोठं तयार होतं आणि काजळीने गॅप बुजायलाही वेळ लागतो. ‘जास्त ताकदीची कॉइल’ घेऊन इथे काही साधत नाही, उलट प्लगच्या बुटातून (वरच्या टोपीतून) पत्र्यावर उडी मारायला ती तयार असते.

नट खालून आहे तो बदला. थंड एक्झॉस्टमध्ये पाणी जमतं, ते खाली प्लगच्या नाकात साचतं आणि ठिणगी चिनीमातीवरून घसरून बॉडीला जाते. घड्याळात १० किंवा २ वाजता काटा जिथे असतो त्या कोनात, वरच्या बाजूने. अगदी १२ वर नको, तिथे प्लगचं टोक डिकीच्या पत्र्याला भिडतं आणि वरची उष्णता बूट वितळवते. १८ सें.मी. अंतर ठीक आहे. तोंडाला फार जवळ घेतलं तर बाहेरची हवा मिश्रण पातळ करते, फार आत घेतलं तर ज्योत आतच संपते. सायलेन्सरच्या पुढे (इंजिनच्या बाजूला) तर कधीच नाही.

नट १४ मि.मी., पिच १.२५. ऑक्सिजन सेन्सरचा तयार नट १८ मि.मी. १.५ पिचचा असतो, दुकानात चटकन तोच हातात येतो. वेल्ड करताना नटात जुना प्लग फिरवून ठेवा, म्हणजे आटे तापून वाकत नाहीत. बॅटरी सोडवा, मॉड्यूलचं कनेक्टर काढा, आणि शक्यतो पाइपचा मागचा तुकडा गाडीखालून काढूनच वेल्ड करा, टाकीजवळ नाही.

बूट सिलिकॉनचा किंवा चिनीमातीचा. साधा काळा रबर पहिल्या दिवशी टिकतो, दुसऱ्या दिवशी चिकट होतो. वायरच्या शेवटच्या २५-३० सें.मी.वर फायबरग्लासची बाही.

---

इंजेक्शनवाला

मध्येच विचारतो. इंजेक्शनच्या गाडीत हीच जोडणी चालेल का? कॉइल प्रत्येक प्लगवर आहे, त्यांचा कॉमन प्लस रिलेमधून तोडता येईल.

---

तारजोड

तोडता येईल, पण करू नका. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर न जळलेलं पेट्रोल त्याच्या जाळीत पेटतं, जाळी वितळून पुढचा रस्ताच बंद होतो. ईसीयू (इंजिनचा संगणक) मिसफायर पकडून इंजेक्टर बंद करू शकतो, म्हणजे ज्वालेला इंधनही नाही. ऑक्सिजन सेन्सरला कच्चं मिश्रण मिळाल्याने त्याचं रीडिंग भलतंच, आणि बटण सोडल्यावर काही वेळ इंजिन चुकीच्या मिश्रणावर चालतं. शिवाय मागे उघडी ठिणगी असताना ईसीयूच्या सेन्सर तारांत गोंधळ होतो तो वेगळाच. आणि कॅट काढून टाका असं मी कोणाला सांगणार नाही. टर्बो असेल तर विषयच नको. डिझेलला हे लागूच नाही.

---

टेलपाइप_१४एमएम

केलं. चौकोनी नाही, तीच डबा-कॉइल बंपरच्या पट्टीवर उभी बसवली, पाइपपासून ३५ सें.मी., मधे ढाल. एच.टी. आता ४५ सें.मी. नट १० वाजताच्या कोनात, जुन्या भोकावर चकती वेल्ड. गॅप १.८ मि.मी. फ्यूज, दोन रिले, कटचं ८६ पहिलीच्या ८७ वरून. पाइपला विणलेली पट्टी.

मापं: टॉगल चालू, मॉड्यूल ठिणग्या पाडत असताना मागच्या कॉइलच्या प्लसवर १३.४, बॅटरीवर १३.७. टॉगल लावल्यावर इंजिन आता अडखळत नाही. फ्यूज काढून बटण दाबलं, इंजिन चालूच राहिलं.

बार गेला. पण ज्वाला अर्धा सेकंद येते, मग धुरकट होऊन विझते. दुसऱ्यांदा दाबलं तर कधी येते, कधी नाही. प्लग काढला तर काळा आणि ओला. रेस ३००० ला नेऊन पाय काढतो आणि बटण दाबतो.

---

निळी_ज्योत

बॅटरी आणि कॉइलमध्ये ०.३ चा फरक, म्हणजे फ्यूज, रिले आणि कनेक्शनं ठीक आहेत.

पाय काढू नका, तिथेच चुकतंय. थ्रॉटल बंद झाला की इंजिन फारशी हवा ओढत नाही. मग कार्ब्युरेटरच्या आयडल सर्किटमधून येतं ते थोडं, फार रिच, आणि मॅनिफोल्डच्या भिंतीवर साचलेलं पेट्रोल तीव्र व्हॅक्यूममुळे उडून जातं. जळायला पुरेशी हवा नाही, म्हणून धूर आणि ओला प्लग. गाडी न्यूट्रलला, थ्रॉटल ३००० वर तसाच धरून बटण दाबा. इंजिन मंदावत जाईल. १५०० च्या खाली जायच्या आत बटण सोडा, नाहीतर बंद पडतं आणि पाइपमध्ये मिश्रण उभं राहतं. एका वेळी दीड ते दोन सेकंद. तीनच्या वर कधीच नाही.

बंद पडलंच तर: टॉगल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंजिनच्या कॉइलचा प्लस काढून स्टार्टर दहा-बारा सेकंद. एक्झॉस्ट धुऊन निघाला की प्लस परत लावून नेहमीसारखं सुरू करा. टॉगल चालू ठेवून स्टार्टर मारला तर तोच जुना बार.

प्लग एक-दोन पायऱ्या गरम श्रेणीचा घ्या, म्हणजे नाकाची चिनीमाती लांब असलेला. टेल पाइपमध्ये प्लग स्वतःची काजळी जाळण्याइतका तापत नाही, त्यामुळे इंजिनचा थंड प्लग इथे हमखास बुजतो. तपासायला मल्टिमीटर २० मेगाओहमवर, एक टोक प्लगच्या वरच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. स्वच्छ प्लग काहीच दाखवत नाही. काही मेगाओहम दिसले तरी ठिणगीचा काही वाटा काजळीवरून पळतोय, शंभर किलोओहमच्या घरात आला तर तो प्लग फेका. रेझिस्टर प्लग असेल तर टर्मिनल ते मधला इलेक्ट्रोड साधारण ५ किलोओहम, ते योग्यच. तुमची वायर तांब्याची आहे म्हणून रेझिस्टर प्लगच ठेवा.

मॉड्यूलवर ठिणग्यांचा वेग बदलायची सोय असेल तर सेकंदाला ६० ते ८० ठेवा. ३००० आरपीएमला चार सिलिंडरचे एक्झॉस्ट स्पंद सेकंदाला १०० येतात. २०-३० वर ठेवलं तर बरेचसे न पेटताच निघून जातात. १५० वर नेलं तर ३ ओहमच्या कॉइलला भरायला कमी वेळ मिळतो आणि प्रत्येक ठिणगी बारीक होते.

---

चासी_आणि_पाना

राहिलेल्या गोष्टी. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर पाइपचं तोंड त्याच्या कडेच्या बाहेर निदान ८-१० सें.मी. काढा. ज्वाला वर वळते, सरळ जात नाही. वारा मागून असेल तर ती गाडीखाली येते, तेव्हा बटणाला हात नको.

मागे कोणी उभं नसावं, कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी, आणि टाकीचं झाकण, भरणनळीचा रबर, वाफेची नळी यांची गळती आधी तपासलेली.

कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धुतं आणि रिंगांमधून सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर चढली तर लगेच ऑइल बदला, किलोमीटरची वाट बघू नका.

आणि एक सवय: एच.टी. वायर सुटी असताना टॉगल लावायचा नाही. ठिणगीला बाहेर जायला रस्ता नसेल तर ती कॉइलच्या आतच शोधते, आणि एकदा आत कार्बनचा माग पडला की ती कॉइल टेबलावर कधी चालेल, गाडीत कधी चालणार नाही. तपासायचंच असेल तर ६-७ मि.मी. गॅपचा टेस्टर लावा, त्याची क्लिप त्याच अर्थ बोल्टला.

---

टेलपाइप_१४एमएम

थ्रॉटल धरून दाबलं, दोन सेकंद सलग आली. जुना प्लग ४०० किलोओहम दाखवत होता. नवा गरम श्रेणीचा लावलाय, सहा वेळा दाबून काढला तर कोरडा, राखाडी. ठिणगीचा वेग ७० वर आहे. बंपर लोखंडी आहे, तरी तोंड अजून ५ सें.मी. बाहेर काढतो.